युसूफभाईंच्या हातची प्लेट

नील आणि ईरा,

मे महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ईरानं विचारलं, "आजी, दोनदा फोन केला, कुठे होतीस?" मी म्हटलं, कासारवाडीला गेले होते, ओळखीचे एक गृहस्थ वारले. "कोण होते?" मी म्हणाले, "आमच्या कलाकेंद्रात चित्रं टांगायचे." मग नीलनं त्याचं नवं हेल्मेट दाखवलं आणि विषय संपला.

तेव्हापासून, इतके महिने, ते उत्तर मला बोचत राहिलं आहे. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. मी तीस वर्षं एका कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळला आणि अपुरं पत्र कधी टपालात जाऊ दिलं नाही. म्हणून हे पुरं करायला बसले आहे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत त्या गृहस्थांचं, युसूफभाईंचं, बोलणं मला ऐकूच येत नाही. बाबा वाचून दाखवेल. अडेल तिथे मला विचारा.

आमचं केंद्र तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्ही लहान होता. प्राधिकरण वसाहतीत, बसस्टॉपच्या मागे. वरच्या मजल्यावर वर्ग चालतात: मातीकाम, जलरंग, तबला, रविवारी मुलांची चित्रकला. खाली एक लांब दालन आहे आणि तिथे दर पंधरा दिवसांनी नवं प्रदर्शन लागतं. मी निवृत्तीनंतर तिथे जाऊ लागले. चित्रांखालची लेबलं टाइप करायची, दाराशी बसायचं आणि येणाऱ्याची नोंदवहीत सही घ्यायची, एवढं माझं काम. सहीशिवाय मी कोणालाही आत सोडत नसे. पाच वर्षांच्या मुलालासुद्धा नाव लिहायला लावायची.

युसूफ तांबोळी दालन सांभाळायचे. उंच, किंचित पुढे वाकलेले, शर्ट कायम इस्त्रीचा. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. तिथून निवृत्त होताना ते स्वतःची हत्यारं घेऊन आले आणि ती त्यांनी आमच्या चित्रांसाठी वापरली. पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, लावल्याशिवाय त्यांनी एक फ्रेम टांगली नाही. चित्र टांगून झालं की दहा पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "अजून एक केस." मग पुन्हा शिडीवर.

पुण्याहून आलेल्या एका चित्रकारानं एकदा त्यांच्याशी वाद घातला. चित्रं फार खाली लावली आहेत, असं त्याचं म्हणणं.

"साहेब, तुमची उंची किती?" युसूफभाईंनी विचारलं.

"पाच अकरा. का?"

"मग तुमच्या घरी वर लावा. इथं बघायला येतात त्या बाया आणि पोरं. खिळा त्यांच्या उंचीचा."

चित्रकार सेक्रेटरींकडे तक्रार घेऊन गेला. आमचे सेक्रेटरी, गोडबोले सर, कुठलीही तक्रार शांतपणे ऐकतात आणि काहीही करत नाहीत. चित्रं खालीच राहिली.

दुसरी एक गोष्ट मला नोंदवहीमुळे कळली. दिघीचे एक लष्करातून निवृत्त झालेले हवालदार आपली जलरंगातली चित्रं घेऊन आले होते. सगळे बर्फाचे डोंगर. पहिल्या दिवशी त्यांचे नातेवाईक आले, दुसऱ्या दिवशी कोणी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. हवालदार खुर्चीत ताठ बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खाऊन आले तर वहीत एक सही: वाय. तांबोळी, कासारवाडी. मी आत डोकावले. युसूफभाई दुसरा शर्ट घालून, हात मागे बांधून, एकेका डोंगरापुढे उभे होते. मग हवालदारांजवळ जाऊन म्हणाले, "हा सकाळचा बर्फ आहे ना? आणि तो पलीकडचा संध्याकाळचा." हवालदार जे बोलू लागले ते पाच वाजेपर्यंत.

मी जुन्या वह्या काढून पाहिल्या. प्रत्येक प्रदर्शनात ती सही होती. सकाळी ते कामावर असत. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन शर्ट बदलून पाहुणे म्हणून येत.

"युसूफभाई, तुम्ही तर रोज बघताच की," मी म्हटलं.

"टांगताना बघणं वेगळं, मॅडम. ते माप असतं. ज्यानं केलंय त्याला कुणीतरी नुसतं बघितलेलं पाहिजे."

त्यांची बायको शमीम गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा शारजात. तो दर शुक्रवारी फोन करी आणि युसूफभाई दर शुक्रवारी त्याला "सब ठीक" एवढंच सांगत. हे मला माहीत आहे, कारण फोन ते माझ्या टेबलाशीच उभे राहून घेत. दोन मिनिटं. मग फोन खिशात, आणि शिडीवर.

ईदला त्यांनी मला घरी बोलावलं. माझ्याबरोबर हौसाक्का होत्या. त्या चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन कधीच कंपन्यांखाली गेली. आता मोठ्या गाडीतून मातीकामाच्या वर्गाला येतात आणि फक्त चिमण्या करतात. आत्तापर्यंत चारशे तरी केल्या असतील.

शिरखुर्मा खाऊन झाल्यावर हौसाक्कांनी खिडकीजवळच्या गोधडी घातलेल्या उंचवट्याकडे बोट केलं. "भाई, ह्ये काय झाकून ठिवलंय? तिजोरी हाय व्हय?"

युसूफभाई हसले, पण लगेच उठले नाहीत. मग त्यांनी गोधडी काढली.

लोखंडी पायांवर एक बिडाची जाड प्लेट होती, साधारण तुमच्या अभ्यासाच्या टेबलाएवढी. करडी. मला तिच्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

"असं वरून नाही दिसत, मॅडम. खाली वाका. खिडकीकडं तोंड करून, प्लेटच्या काठाशी डोळे आणून बघा."

मी वाकले. सगळ्या प्लेटभर बारीक चंद्रकोरी होत्या, ओळीनं, हजारो. एकीचा उजेड दुसरीहून वेगळा. मी मान हलवली तशा त्या सगळ्या हलल्या.

यंत्रानं कापलेलं लोखंड सपाट दिसतं, पण सपाट नसतं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. अगदी सपाट करायचं तर माणसाचा हात लागतो. आधीच सपाट असलेल्या मूळ प्लेटला निळा रंग पातळ लावायचा, तिच्यावर नवी प्लेट घासायची. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका उमटतो. जुनी कानस घासून केलेल्या हत्यारानं, कमरेचा जोर लावून, तेवढा ठिपका खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं. दिवसचे दिवस. "उंच असेल तेवढंच घ्यायचं. जास्त खोल गेलं की परत भरता येत नाही." ही मापं तपासायची प्लेट त्यांनी उमेदवारीत, म्हणजे काम शिकताना, त्यांच्या उस्तादांसमोर केली होती. टूलरूममध्ये पुढे दगडी प्लेटा आल्या तेव्हा ही भंगारात निघाली. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेतात. यांनी ही मागून घेतली.

"या कामाचं एक आहे," ते गोधडीची घडी घालत म्हणाले. "काम झालं की त्याच्यावर मशीन बसतं. खाली काय आहे ते मग कोण बघतंय? चित्रवाल्यांचं बरं. भिंतीवर असतं."

"तुमाला वाटतं व्हय, कुनी बगावं म्हणून?" हौसाक्का असल्या गोष्टी सरळ विचारतात.

त्यांनी घडी खिडकीत ठेवली. "एकदा," म्हणाले. "एकदा कुणी जाणत्यानं बघावं. बास."

तीस वर्षं मी कँटीनला जाताना आमच्या कंपनीच्या टूलरूमवरून जात होते. आत निळ्या हातांची माणसं वाकलेली असायची. मी एकदाही थांबले नव्हते.

जानेवारीत सभासदांचं वार्षिक प्रदर्शन असतं. कमिटीच्या बैठकीत मी प्लेटचं नाव काढलं. गोडबोले सर म्हणाले, "मॅडम, युसूफभाईंबद्दल आदरच आहे. पण हे चित्र नाही, शिल्प नाही. मशीनचा पार्ट आहे हा."

हौसाक्का मागच्या बाकावरून उठल्या. "सर, माझ्या चिमण्या उडत्यात का? न्हाई. गात्यात का? न्हाई. तरी दर साली मांडताय. मग ह्येंचं लोखंड का न्हाई चालत?"

गोडबोले सरांनी शांतपणे ऐकलं आणि नेहमीप्रमाणे काहीही केलं नाही. त्याचा अर्थ आम्ही होकार असा घेतला.

प्लेट टेम्पोतून आली. चार माणसांनी उचलून दाराजवळच्या खिडकीपाशी ठेवली. युसूफभाईंनी दोन दिवस पाणसळ लावून तिचे पाय साधले. उद्घाटनाच्या दिवशी त्यांचा शर्ट पांढरा होता.

पुढे जे झालं ते मी नीट लिहिते, कारण त्यात माझा वाटा आहे. चहाचं टेबल मी दाराजवळ मांडायला सांगितलं होतं. प्लेट आणि ते टेबल हातभर अंतरावर, उंची जवळपास सारखी. प्रमुख पाहुण्यांना घाई होती. भाषण करून ते चहा घेत दाराशी आले, फोन वाजला, आणि त्यांनी कप प्लेटवर ठेवला. ते बघून दुसऱ्यानं ठेवला. बघता बघता तिथे कप, बशा, हारतुरे, कोणाची तरी पर्स. तिसरा कप माझा होता. गोडबोले सर मला काहीतरी विचारत होते आणि मी न बघता हात रिकामा केला.

युसूफभाई समोरच्या भिंतीशी उभे होते. गर्दी गेल्यावर त्यांनी एकेक कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. चहाची वर्तुळं उठली होती. खिशातून फडकं काढलं, तेलाची बाटली काढली.

"युसूफभाई, मला माफ करा," मी म्हणाले.

"नाही हो मॅडम. टेबलासारखीच दिसते ती." मग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सपाट आहे म्हणूनच ठेवले ना."

पुढचे काही दिवस लोक येत, चित्रांपुढे थांबत, हौसाक्कांच्या चिमण्यांचे फोटो काढत आणि प्लेटला वळसा घालून बाहेर पडत. युसूफभाई शिडीवरून, खुर्चीवरून, कुठूनही, त्या वळशाकडे बघत असायचे.

मग शुक्रवार आला. ते दुपारच्या नमाजाला गेले. दालनात मी एकटी होते. बाहेरच्या स्टॉपवर चाकणच्या कंपन्यांच्या बसेस थांबतात आणि दुसऱ्या शिफ्टचे कामगार आमच्या कूलरवर बाटल्या भरायला येतात. पाणी न्यायला येणाऱ्यांची सही मी घेत नसे. ते पाहुणे नाहीत असा माझा नियम होता.

एक माणूस आला. पन्नाशीचा, करडा शर्ट, मिशी पांढरी होत आलेली. बाटली भरून निघाला आणि प्लेटपाशी थांबला. त्यानं बाटली जमिनीवर ठेवली. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बोटातली अंगठी काढली. तळवा पँटला पुसला. मग वाकला, काठाशी डोळे आणले आणि खिडकीकडे तोंड करून बघू लागला. कोणी त्याला कसं बघायचं ते सांगितलं नव्हतं. तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत गेला, चारही बाजूंनी. शेवटी हाताची मागची बाजू प्लेटवरून अलगद फिरवली. तेव्हा मला दिसलं, त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं.

"मॅडम, कुणाचा हात आहे हा?"

मी पुढच्या प्रदर्शनाची लेबलं तपासत होते. "नाव लिहिलंय तिथे," मी म्हणाले.

"ते वाचलं. माणूस कुठाय?"

"नमाजला गेलेत. अडीचपर्यंत येतील."

"आमची बस दोनची." तो घुटमळला. दाराबाहेर बघितलं, परत प्लेटकडे बघितलं. "त्यांना एवढं सांगा, कोपरे सोडले नाहीत म्हणावं. सगळे कोपरे सोडतात."

बाहेर हॉर्न वाजला आणि तो बाटली उचलून पळाला.

युसूफभाई आल्यावर मी त्यांना सांगितलं. घड्याळ, अंगठी, वाकणं, सगळं. ते उभे होते ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत.

"कोपरे म्हणाला?"

"हो."

"कोपरेच म्हणाला? कडा नाही?"

"कोपरे. सगळे सोडतात, म्हणाला."

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. "उस्तादांनी एका कोपऱ्यासाठी मला तीन दिवस जास्त उभं केलं होतं," ते म्हणाले. आणि मग, जे येणार हे मला माहीत होतं, ते विचारलं. "नाव काय त्याचं?"

वही माझ्यासमोर उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर सात नावं होती. त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

"मी नाही विचारलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नंतर मात्र चार चार वेळा विचारायचे. शर्ट कुठला करडा, गडद की फिका? खिशावर काही शिवलेलं होतं? बोलणं इकडचं की मराठवाड्याकडचं? मला त्या शर्टाची गुंडीसुद्धा आठवत नव्हती. अर्धं बोट तेवढं पक्कं आठवत होतं, ते मी पुन्हा पुन्हा सांगायची.

प्रदर्शन संपेपर्यंत दुपारी दीड ते दोन युसूफभाई कूलरपाशी उभे राहिले. माणसं येत, बाटल्या भरत, जात. एकानं विचारलंसुद्धा, "चाचा, कूलरला काय वॉचमन बसवलाय का?" शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी चित्रं उतरवली, भिंती मोकळ्या केल्या आणि प्लेट तिथेच राहू द्यायची परवानगी मागितली. आयुष्यात त्यांनी कमिटीकडे मागितलेली ती एकच गोष्ट. गोडबोले सर म्हणाले, "राहू दे." मी त्यांना इतक्या पटकन उत्तर देताना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी केंद्र बंद असतं. पूर्वी सोमवारी ते घर झाडून काढत, शमीमच्या कबरीवर जात. मार्चमध्ये एकदा मी काही कामासाठी सोमवारी फोन केला तर मागे प्रचंड आवाज. "कुठे आहात?" "चाकणला, मॅडम. असाच." मी पुढे विचारलं नाही. पुढच्या सोमवारीही तोच आवाज.

एप्रिलच्या शेवटी हौसाक्कांच्या भाचीचं लग्न राजगुरुनगरला होतं. आम्ही दोघी त्यांच्या गाडीतून निघालो. तो सोमवार होता. चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, नेहमीसारख्याच. पहिली शिफ्ट सुटत होती, दुसरी चढत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसेस आणि त्यातून उतरणारी माणसं, शेकड्यांनी. बहुतेकांचे शर्ट करडे.

"त्ये आपलं भाई न्हवं?" हौसाक्का म्हणाल्या.

ते रस्त्यापलीकडे, चहाच्या गाडीच्या सावलीत उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते चेहऱ्यांकडे बघतच नव्हते. मान खाली घालून समोरून जाणाऱ्यांचे हात बघत होते, एकेक, घाई न करता. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती. एका माणसासाठी ते दोन पावलं पुढे झाले, त्याच्या हाताकडे नीट बघितलं, आणि परत जागेवर येऊन उभे राहिले.

मी काच खाली केली आणि हाक मारली. दोनदा मारली. हॉर्नच्या आवाजात ती पोचली नाही. हौसाक्का म्हणाल्या, "दार उगडू नगा, बाई, मागनं गाड्या हायेत." तेवढ्यात आमची रांग सुटली. मी मागे वळून बघत राहिले. एका बसनं त्यांना झाकलं, ती गेली तेव्हा ते दिसले, मग दुसरी बस आली.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. त्याच रात्री त्यांना दवाखान्यात ठेवलं. हृदयाचा त्रास होता आणि त्यांनी तो कोणालाच सांगितला नव्हता. मुलगा शारजाहून आला तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते; दुसऱ्या दिवशी ते वारले. कासारवाडीच्या त्या घरात मी गेले तेव्हा मुलानं मला विचारलं, "मॅडम, अब्बा दर सोमवारी चाकणला कुणाकडे जायचे? शेजारी सांगतात. आमचं तिकडे कुणी नाही." मी त्याला हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला लिहिलं आहे तसंच. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भेटला का तो?"

नाही भेटला. आमच्याकडेही तो परत आला नाही. बस बदलली असेल, नोकरी बदलली असेल. आता पाणी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी नाव विचारते. काही सांगतात, काही हसतात.

नव्या माणसानं टांगलेली चित्रं थोडी वर असतात. युसूफभाईंच्या घराला कुलूप आहे. प्लेट दालनात, खिडकीपाशी आहे. दर पंधरवड्याला हौसाक्का आणि मी तिला तेलाचा हात देतो, कोपऱ्यांपर्यंत. तिच्यावर गंज नाही.